अप्पांनी हलगी ऐकली त्या दिवसापासून

गेल्या जानेवारीत तेरा तारखेला, सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत, आम्ही तिघं बाळीवेसला एका बंद दुकानाच्या पायरीवर उभे होतो, मी, आई आणि अप्पा, म्हणजे माझे वडील. हिरेहब्बू वाड्यातनं सात नंदीध्वज निघालेत एवढं कळलं होतं पण आमच्यापर्यंत अजून काही आलं नव्हतं, बाराबंदी घातलेली पोरं इकडनं तिकडं पळत होती, पिपाण्या, फुगेवाले, आणि मधूनच कुणीतरी "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" म्हणून ओरडलं की सगळी गल्ली मागनं ओरडायची. अप्पांचा उजवा हात मागच्या शटरवर टेकलेला होता. ते एकदम म्हणाले, "आल्या बघ हलग्या." मला काहीच ऐकू आलं नव्हतं. मी म्हणलं, नाही ओ अप्पा, टाईम आहे अजून. अर्ध्या मिनिटात कोपऱ्यावरनं खरंच हलग्या आणि ढोल आले.

हे मी एवढं सांगतेय कारण अप्पांना ऐकू येत नाही. घरात बेल वाजली तर कळत नाही, कुकरची शिट्टी कळत नाही, आईनं मागनं हाक मारलेली कळत नाही. आणि त्या दिवशी त्या सगळ्या गर्दीत चांगले कान असलेल्या माझ्याआधी त्यांना हलगी कळली.

अप्पा 34 वर्षं पूर्व भागात एका चादरीच्या कारखान्यात जॉबर होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा, धोटा अडकला, भीम म्हणजे सूत गुंडाळलेला रूळ बदलायचा, नक्षीचं जेकार्ड बिघडलं, की कामगार जॉबरला हाक मारतो. पण कारखान्यात हाक मारून उपयोग नसतो, एका शेडमध्ये चाळीस माग चालू असले की माणसाचं बोलणं शेजारच्यालाही पोचत नाही, सगळं हातवाऱ्यांनी. अप्पा मागाच्या लोखंडावर तळवा ठेवून सांगायचे काय बिघडलंय. बेअरिंगची शंका आली तर स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर आणि मूठ कानामागच्या हाडाला लावून डोळे मिटून उभे राहायचे, लहानपणी डबा द्यायला गेले की मी बघायचे हे. आमच्या गल्लीत अप्पांच्या वयाचे कारखान्यातले जे लोक आहेत ते सगळे अजूनही एकमेकांशी ओरडूनच बोलतात, मला लहानपणी वाटायचं हे रोज भांडतात.

दोन वर्षांपूर्वी तपासणी केली तेव्हा तिथल्या मॅडमनी आलेख दाखवला. डावीकडे खालच्या पट्टीतले आवाज, तिथं रेघ बऱ्यापैकी वर, मग ती एकदम घसरत जाते आणि 4000 हर्ट्झला खड्डा. त्या म्हणाल्या, मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं काम केलेल्यांचा आलेख बहुतेक असाच असतो, कानाच्या आत केसासारख्या बारीक पेशी असतात, वरच्या पट्टीच्या आधी मरतात आणि मेलेल्या परत उगवत नाहीत. म्हणून माणूस बोलतोय एवढं अप्पांना कळतं, काय बोलतोय ते कळत नाही, कारण स, श, फ, त ही सगळी अक्षरं त्या खड्ड्यात पडतात. कानाचं मशीन घेतलं. ते बोलण्यासाठी चांगलं आहे, पण मोबाईलवर गाणं लावलं की अप्पा मान हलवायचे, "नुसती खरखर येतीय." आणि हा माणूस असा की रात्रपाळीहून येऊन रेडिओ लावून झोपायचा. ते बंद झालं त्याबद्दल ते कधी एक शब्द बोलले नाहीत, हे मला जास्त लागायचं.

तर यात्रेतनं घरी येताना मी ठरवलं की ह्यांना प्रोग्रामला न्यायचं. मोबाईल नाही, टीव्ही नाही, जिथं समोर माणूस वाजवतोय, गातोय, अशा ठिकाणी. मी सुताच्या दुकानात हिशेबाला आहे, दुकानात दरवर्षी एक डायरी मिळते, त्या डायरीत लिहायचं ठरवलं की कुठं गेलो, कुठं बसलो आणि अप्पांना काय ऐकू आलं. वर्षभरात 21 झाले. ती डायरी समोर घेऊनच हे लिहितेय.

पहिला जानेवारीच्या शेवटी, हुतात्मा स्मृती मंदिरात, शास्त्रीय गायन. वाटेत चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी अप्पांनी स्कूटी थांबवायला लावली आणि हात जोडले, ते कायमच करतात. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन, ही चार नावं आमच्या घरात शाळेच्या आधी पाठ होतात, 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी दिली त्यांना. त्यांच्याच नावाचं हे थिएटर. आम्ही डावीकडं दुसऱ्या रांगेत बसलो, तबलजीच्या बाजूला, हे मी मुद्दाम केलं होतं.

गायिका आल्या, तानपुरे जुळवायला लागल्या, आणि लागतच नव्हते. लावले की दोन मिनिटांत सुरातनं हलायचे. मग त्यांनी खुणेनंच सांगितलं की एसी बंद करा. एसीची गार हवा तारांवर येत होती. एसी बंद झाला, लोक कार्यक्रमपत्रिकेनं वारा घ्यायला लागले, आणि तानपुरे थांबले एका जागी. अप्पा हे सगळं एकदम लक्ष देऊन बघत होते, मला म्हणाले, "हवा बदलली की सूत तुटतं आपल्याकडं. तसंच हे." कारखान्यात हवेत ओल कमी झाली की ताण्याचे धागे तुटतात, त्यासाठी शेडमध्ये पाणी मारतात. मी चाळीस वर्षांची होत आले, सुतावरच जगतेय, आणि तानपुऱ्याची तार आणि ताण्याचा धागा माझ्या डोक्यात कधी एका ठिकाणी आले नव्हते.

मग विलंबित, म्हणजे सावकाश लयीतलं गाणं सुरू झालं. मला त्यातलं फार कळत नाही हे आधीच सांगते, शाळेत हार्मोनियम शिकले तेवढंच. अप्पांना शब्द तर कळणारच नव्हते. पंधरा-वीस मिनिटं ते नुसते बघत होते, मला वाटलं कंटाळले. मग माझं लक्ष त्यांच्या हाताकडं गेलं. अंगठा बोटांच्या पेरांवरनं फिरत होता. करंगळीपासून, एका बोटाची तीन पेरं, मग दुसरं बोट. चार बोटं, बारा पेरं. तर्जनीच्या वरच्या पेराचं नख अर्धंच आहे, धोट्यानं उडवलेलं. त्या नखावर अंगठा आला की ते किंचित थांबायचे, परत करंगळीवर यायचे, आणि बरोब्बर तेव्हा गायिकेची आणि तबलजीची मान एकत्र खाली यायची आणि हॉलमधून आह निघायची. म्हणजे त्यांनी बसल्या बसल्या एकताल शोधून काढला होता. बारा मात्रा, कुणी सांगितल्या नव्हत्या. डग्गा त्यांना ऐकू येतो, खालच्या पट्टीत आहे तो, आणि बाकीचं तबलजीच्या बोटांवरनं. इंटरव्हलला चहा घेताना मी सांगितलं की त्याला सम म्हणतात. "सम," त्यांनी दोनदा म्हणून बघितलं. म्हणाले, "मागालापण असते."

डायरीत त्या दिवशी लिहिलंय: डग्गा सगळा. आवाज खालचा बराचसा. शब्द नाही. तानपुरा नाही. सम सगळ्या.

त्यानंतर फेब्रुवारी-मार्चमध्ये पाचसहा प्रोग्राम झाले, सगळ्यांबद्दल लिहिण्यासारखं नाही. फडकुले सभागृहात भावगीतांचा एक, शिवस्मारकला नाट्यसंगीत, एका मंदिरात रात्रभर भजन जिथं आम्ही दोनपर्यंत बसलो आणि अप्पा पखवाजवाल्याच्या एवढे जवळ की शेवटी त्यानंच त्यांना सतरंजीवर जागा करून दिली. एक तबल्याचा सोलो मात्र सांगायला पाहिजे. छोटा हॉल, साठ-सत्तर माणसं, मध्येच लाईट गेली. अंधार, माईक बंद, पंखे बंद. कलाकार थांबला नाही. कुणीतरी मोबाईलचा टॉर्च लावला, आणि मागच्या रांगेतली माणसं आपोआप उठून पुढं येऊन खाली बसली, खुर्च्यांचा आवाजसुद्धा न करता. अप्पा स्टेजला अगदी चिकटून बसले आणि त्यांनी तळवा फळीवर ठेवला. तसाच, जसा मागावर ठेवायचे. मी पण ठेवला. फळीतनं डग्ग्याचा एकेक घुमारा वर येत होता, आणि तो घिस्सा देऊन मनगटानं आवाज चढवतो ना, तो हाताखाली सरकल्यासारखा लागतो, मांजराच्या पाठीवरनं हात फिरवल्यासारखा. लाईट परत आली तेव्हा मला वाईट वाटलं.

एप्रिलमध्ये हिराचंद नेमचंद वाचनालयाच्या अ‍ॅम्फी थिएटरला बासरी. तिथं मला खूप शिकायला मिळालं. अप्पा अर्ध्या तासानं माझ्याकडं झुकून म्हणाले, "वर गेला की जातो. खाली आला की येतो." म्हणजे बासरीवाला वरच्या सप्तकात गेला की अप्पांना नुसती बोटं हलताना दिसायची, आवाज शून्य, आणि खाली मंद्रात उतरला की परत आवाज यायचा. त्यांच्यासाठी ते गाणं तुकड्यातुकड्यात येत होतं, मध्ये मध्ये शांतता. मला आधी फार वाईट वाटलं. पण ते तर वाट बघत होते, डोळे त्या बोटांवर, आणि सूर खाली यायला लागला की पुढं सरकायचे, येतोय, येतोय, आला. मी पण तसंच ऐकायला लागले, वरचं वाजत असताना खाली येण्याची वाट बघत. त्या आधी मी बासरीच्या मंद्राकडं कधी लक्षच दिलं नव्हतं, मला बासरी म्हणजे ते वरचं गोड तेवढंच वाटायचं.

आता वर्षातला एकच वाईट दिवस, तोही सांगते. मे महिन्यात एका मैदानावर मोठा शो होता, सिनेमातली गाणी म्हणणारा गायक, तिकीट 1200, दोन तिकिटं घेतली, अप्पांच्या वाढदिवसासाठी. खुर्च्या स्टेजच्या उजव्या बाजूला आणि समोर माणसाच्या उंचीच्या स्पीकरची भिंत. पहिल्याच गाण्याला अप्पांच्या कानातलं मशीन शिटी मारायला लागलं, त्यांनी ते काढून खिशात टाकलं, तरी चेहरा आवळलेलाच. मोबाईलमधल्या अ‍ॅपवर बघितलं तर 104 डेसिबल दाखवत होतं, मोबाईलचा आकडा मागंपुढं असतो हे मान्य, पण तपासणीवाल्या मॅडमनी सांगितलं होतं की 85 ला आठ तास चालतं, आणि त्यापुढं दर 3 डेसिबलला वेळ निम्मा करायचा. म्हणजे 100 ला पंधरा मिनिटं. आणि शो तीन तासांचा, लहान लहान पोरं पहिल्या रांगेत आईबापांच्या खांद्यावर बसलेली. मी तिथल्या स्वयंसेवकाला म्हणलं आम्हाला मागं कुठंही बसवा, वडिलांना त्रास होतोय, तर तो म्हणाला तिकिटावर नंबर आहे तिथंच बसायचं. दुसऱ्या गाण्याला आम्ही उठलो. बाहेर रस्त्यावर आल्यावर अप्पा म्हणाले, "कारखान्यात गेल्यासारखं झालं." 34 वर्षं त्या आवाजात पोटासाठी उभं राहिलेला माणूस, त्याला पैसे देऊन परत तिथंच बसवलं मी. त्या रात्री मला झोप आली नाही. जे कोण असे प्रोग्राम करतात त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे की आवाज थोडा कमी ठेवला तर गाणं कमी होत नाही, आणि लहान पोरांच्या कानाला दुसरा कान मिळत नाही.

मग जूनमध्ये कुठंच गेलो नाही. अप्पा म्हणायचे, राहू दे.

आषाढात शेगावच्या गजानन महाराजांची पालखी सोलापुरात मुक्कामाला येते, ती बघायला आई दरवर्षी जाते, यंदा आम्ही पण गेलो. ज्यांनी ही पालखी बघितली नसेल त्यांना सांगते, एवढी शिस्त मी कुठल्याच दिंडीत बघितली नाही. पांढरे कपडे, रांगा सरळ, शेकडो टाळकरी आणि सगळ्यांचे टाळ एकाच वेळी उघडतात, एकाच वेळी मिटतात. तो आवाज रस्त्याच्या दोन्ही बाजूच्या भिंतींवर आपटून येतो, अंगावर काटा येतो. मी डोळे पुसत होते आणि अप्पांकडं बघितलं. ते नुसते बघत होते. मला म्हणाले, "टाळ वाजत्यात का?"

टाळ वरच्या पट्टीत असतात. सगळेच्या सगळे त्या खड्ड्यात. त्यांना शेकडो हात वरखाली होताना दिसत होते आणि पखवाजाचा तेवढा ठेका ऐकू येत होता. मी नुसती मान हलवली, होय म्हणून. ते पण मान हलवून परत बघायला लागले.

घरी आल्यावर हातपाय धुऊन ते देवघरात गेले, आजोबांचे टाळ तिथं असतात, काशाचे, जड. खाली बसले. एक टाळ मला धरायला सांगितला, दुसरा स्वतःच्या हातात, "मार," म्हणाले. मी मारला आणि त्यांनी वाजत असलेला टाळ तसाच उचलून कानामागं, हाडाला लावला, स्क्रू ड्रायव्हर लावायचे तिथं. डोळे मिटले. परत म्हणाले, मार. आईनं दारात उभं राहून आठदहा वेळा बघितलं असेल, मग ती आत गेली. काय कळत होतं त्यांना मला माहीत नाही, मॅडमच्या म्हणण्याप्रमाणं पेशीच गेल्या असल्या तर हाडातनं दिलं काय आणि हवेतनं दिलं काय, सारखंच. पण थरथर तरी लागत असणार. त्यांनी टाळ खाली ठेवला आणि म्हणाले, "पुढचा प्रोग्राम कुठंय?"

गणपतीत आमच्या पूर्व भागात लेझीम असते, बाहेरगावच्या लोकांना सोलापूरचा गणपती म्हणलं की 1885 चा आजोबा गणपती सांगितला जातो, तो तर आहेच, पण विसर्जनाच्या मिरवणुकीत पूर्व भागातल्या मंडळांची लेझीम बघावी, शंभर-शंभर पोरं एका डावात. आता पोरीपण. लेझीमीचा झणझणाट अप्पांना येत नाही, मला ते आता माहीत होतं, मी काही बोलले नाही. पण ते पायांकडं बघत होते. डाव बदलायच्या आधी पायात काहीतरी बदलतं म्हणे, आणि खरंच, ते बोट वर करायचे आणि डाव बदलायचा.

आणि नवरात्रात आम्ही मिरजेला गेलो. ह्यासाठीच खरं तर लिहायला बसले.

मिरजेत अंबाबाईच्या देवळात नवरात्रात संगीत महोत्सव असतो. आम्ही सकाळच्या एसटीनं मंगळवेढा, सांगोला करत दुपारी पोचलो, आईनं कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून दिलेली. महोत्सव संध्याकाळी, म्हणून दुपारी आधी दर्ग्यात गेलो, ख्वाजा मीरासाहेबांच्या. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब 1937 मध्ये गेले, त्यांची कबर तिथंच आहे, आणि उरुसात त्यांच्या नावानं संगीत सभा होते ती चिंचेच्या झाडाखाली. झाड बघून आलो. मग सतारमेकर गल्लीत. मिरजेत तंतुवाद्यं करायला लागले ते मुळात शिकलगार, तलवारी-भाले करणारे लोक, फरीदसाहेबांचं नाव घेतात सगळे त्यात पहिलं, राजांच्या लढाया संपल्या आणि त्याच हातांनी सतारी, तानपुरे करायला सुरुवात झाली. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय, भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे आमच्या सोलापुरी चादरीसारखंच.

एका दुकानात एक वयस्कर कारागीर तानपुरा जुळवत बसले होते. छताला भोपळे टांगलेले, मोठे मोठे, वाळलेले. मी विचारलं हे कुठून आणता, तर म्हणाले, "तुम्ही कुठले?" सोलापूर म्हणल्यावर हसले. "मग तुमच्याच जिल्ह्यातले. पंढरपूर, मंगळवेढ्याकडनं येतात. साल जाड लागतं, तिकडच्याच जमिनीत येतो तसा." आम्ही सकाळी त्याच रानातनं आलो होतो.

अप्पा मध्ये काहीच बोलले नाहीत, ते कारागिराच्या हाताकडं बघत होते. कारागिरानं खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या सा ची तार छेडली, आवाज आला पण बंद, मडक्यात बोलल्यासारखा. मग त्यांनी एका रिळावरनं वीतभर सूत तोडलं, तारेच्या खाली घोडीवर, तारा टेकतात त्या पट्टीवर घातलं आणि अगदी हळू, केसाएवढं, पुढं सरकवलं. परत छेडली. परत थोडं मागं. आणि एका जागी तो आवाज उघडला. दुसरा शब्द नाही माझ्याकडं. तीच तार, तोच हात, आणि आता दुकानभर काहीतरी झणझणत राहिलं, संपतच नव्हतं.

"हे सूत कसलं?" अप्पांनी विचारलं, मोठ्यांदा, त्यांच्या पद्धतीनं.

"साधं. कॉटन."

अप्पांनी हात पुढं केला. कारागिरानं उरलेला तुकडा दिला. अप्पांनी तो अंगठा आणि अर्ध्या नखाच्या बोटात धरून फिरवला, थोडा उसवला, परत पीळ दिला. "चाळीसचं असंल," म्हणाले, चाळीस म्हणजे सुताच्या जाडीचा नंबर, काउंट. कारागीर म्हणाले काउंट काय माहीत नाही बुवा, बाजारातनं आणतो, जाड घातलं की बसत नाही. मग मी सांगितलं की हे जॉबर होते, आणि ऐकायला येत नाही ह्यांना, वरचं. कारागिरानं थोडा वेळ अप्पांकडं बघितलं आणि तानपुरा उचलून त्यांच्यासमोर उभा केला. खुणेनं सांगितलं, लावा.

अप्पांनी आधी तळवा ठेवला भोपळ्यावर. मग वाकून कानामागचं हाड टेकवलं आणि डोळे मिटले. कारागीर चारी तारा छेडत राहिले, पंचम, मग दोन जोडाच्या, मग खर्ज, परत पंचम. घाई नाही. रस्त्यावरनं रिक्षा जात होत्या, शेजारच्या दुकानात कुणीतरी तासत होतं. किती वेळ गेला कळलं नाही, पाच मिनिटं असतील. अप्पांचे ओठ हलत होते, मोजत होते बहुतेक. मग डोळे न उघडताच म्हणाले, "चार तारा हाईत, पण आत लई जण हाईत."

कारागीर म्हणाले, "बरोबर. ह्यात गंधार, म्हणजे ग ऐकू येतो बघा, तार नाही त्याची, कुणी लावलेला नाही, खर्जातनं आपोआप निघतो. कान बसला की येतो." मी कान देऊन ऐकलं, मला काही वेगळा ऐकू आला नाही गंधार. अप्पांनापण आला असेल असं मी म्हणणार नाही. ते उठले, गुडघा धरून, आणि मला म्हणाले, "सगळे भाग जागेवर असले की माग असाच लागतो हाताला." आणि कारागिराला वाकून नमस्कार केला, तो माणूस संकोचला, त्यानंही केला.

संध्याकाळी देवळातलं गाणं चांगलं झालं. डायरीत पहिल्यांदाच लिहिलंय: तानपुरा.

कोजागिरीच्या रात्री सोलापूरहून तुळजापूरला चालत जातात लोक, पंचेचाळीस किलोमीटर, अप्पांना आता ते होत नाही, म्हणून आम्ही रूपाभवानीच्या देवळापाशी बसून राहिलो जाणाऱ्यांची गाणी ऐकत, "आई राजा उदो उदो" आणि मध्ये मध्ये संबळ. संबळ छान येतं त्यांना. बारापर्यंत बसलो.

डिसेंबरात पुण्याला सवाई. अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व, त्यांचे शिष्य भीमसेन जोशी, आणि भीमसेनजींनी गुरूंच्या आठवणीत 1953 मध्ये हा महोत्सव सुरू केला, म्हणजे मिरजेच्या त्या कबरीपासनं सरळ इथपर्यंत वाट येते असं मी अप्पांना गाडीत समजावून सांगत होते, हुतात्मा एक्सप्रेसमध्ये, अख्ख्या डब्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, आणि समोर बसलेले एक आजोबाच त्यात भर घालायला लागले. मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर मांडव, आत हजारो माणसं. आम्हाला जागा मिळाली भारतीय बैठकीत, बऱ्याच मागं. मला काळजी, एवढ्या मागनं काय येणार, तबलजीची बोटं दिसणार नाहीत. अप्पांनी मशीनची सेटिंग बदलली, संगीताची वेगळी असते ती मॅडमनी करून दिली होती, आणि मांडी घालून बसले.

गायक आले. तानपुरे जुळायला लागले. इतकी माणसं आणि हळूहळू सगळा मांडव गप्प होत गेला, खोकलासुद्धा थांबला. मी काहीच करत नव्हते, कशाची वाट बघत नव्हते, नुसती बसले होते, आणि त्या झणझणण्याच्या वरच्या बाजूला, कुणी न वाजवलेला एक सूर होता. बारीक. तिथंच होता, आधीपासनं असणार. मला इतकं भरून आलं की मी अप्पांचा हात धरला. त्यांनी वळून बघितलं, काय झालं म्हणून. मी त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं, "गंधार, अप्पा. येतोय."

ते म्हणाले, "खरं?" आणि मग, "कसा आहे?"

मला सांगता आलं नाही. मी त्यांच्या तळव्यावर बोट ठेवून हळूहळू फिरवत राहिले, कशासाठी ते मलाही माहीत नाही, आणि त्यांनी हात काढून घेतला नाही. मग गाणं सुरू झालं आणि थोड्या वेळानं त्यांचा अंगठा पेरांवर गेला. पहिली सम त्यांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारून दाखवली. एवढ्या मागनं, बोटं न बघता.

वर्ष संपताना परत तपासणी केली, मॅडमनी दरवर्षी सांगितली आहे. नवा आलेख जुन्याशेजारी ठेवून दाखवला. रेघ थोडी अजून खाली आलीय, डाव्या बाजूलापण, जिथं आत्तापर्यंत चांगलं होतं तिथं जराशी. वय पण आहे, म्हणाल्या. अप्पांनी दोन्ही कागद हातात घेऊन बराच वेळ बघितले, बोटानं ती रेघ गिरवली, घडी घालून खिशात ठेवले.

खाली येऊन स्कूटी काढली. ते मागं बसले, एक हात माझ्या खांद्यावर, आणि सिग्नलला थांबल्यावर म्हणाले, "जानेवारीत हुतात्म्याला कोण हाय?"

मी मोबाईल काढून बघायला लागले, मागनं हॉर्न वाजत होते.